कारखानीस काकांची गणपूर्ती

कारखानीस काकांच्या घरी चहासुद्धा ठरावानं व्हायचा. "चहा घ्यावा अशी सूचना आहे. अनुमोदन?" असं ते सोफ्यावर बसून विचारायचे. पाहुणा "हो हो, चालेल की" म्हणाला की समाधानानं स्वयंपाकघराकडे बघायचे, कारण ठराव त्यांनी पास केला तरी चहा कुंदाकाकूंनाच टाकावा लागे. मी न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेत त्यांच्या शेजारच्या टाउनहाउसमध्ये राहायला आले तेव्हा पहिल्याच रविवारी हा प्रकार माझ्यावर गुदरला. मी नागपूरची. आमच्याकडे चहाला नाही म्हणत नाहीत, पण अनुमोदनही देत नाहीत. मी नुसती हसले. काका गंभीरपणे म्हणाले, "हसणं इतिवृत्तात धरता येत नाही. हो की नाही ते सांग."

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, पोरीला आधी बसू तर द्या!"

काका एका औषध कंपनीच्या तपासणी खात्यातून रिटायर झालेले होते. आयुष्यभर गोळ्या तपासल्या, त्यातल्या तुटक्या बाजूला काढल्या, आणि रिटायर झाल्यावर तीच नजर आमच्या महाराष्ट्र मंडळाकडे वळवली. उंच, काटकुळे, बिनबाह्यांचा स्वेटर, खिशाला दोन पेनं. मंडळाची घटना त्यांनी एकट्यानं लिहिली होती आणि एकट्यानंच वाचली होती. सभेला येताना ते देवघरातली घंटा घेऊन यायचे आणि वक्त्याची वेळ संपली की ती वाजवायचे. त्यामुळे काकूंची रविवारची पूजा पुष्कळदा घंटेविना व्हायची.

त्यांचा आवडता शब्द गणपूर्ती. सभेला घटनेत ठरलेली किमान माणसं हजर झाल्याशिवाय घंटा वाजायची नाही, मग बाहेर काही का होईना. एका कोजागिरीला असा पाऊस झाला की निम्मी मंडळी घरातच बसली. मसाला दूध तयार, पोरं पेंगलेली, आणि हे दाराकडे डोळे लावून बसलेले. एक डोकं कमी होतं. शेवटी काकांनी शाळेच्या त्या हॉलच्या केअरटेकरला बोलावलं, मंडळाचा उद्देश इंग्रजीत समजावून सांगितला आणि त्याला तिथल्या तिथे सभासद करून घेतलं. तो भला माणूस दोन कप दूध प्याला आणि जमाखर्चाच्या ठरावाला त्यानं विरोधात हात वर केला. काकांनी तो विरोधही नोंदवून घेतला.

दुसरा शब्द गुप्तता. मंडळाच्या निवडणुकीला ते बिस्किटांच्या डब्याला फट पाडून मतपेटी करायचे आणि कोपऱ्यात बाथरूमचा जुना पडदा टांगायचे. एकदा एका नव्या नवरीनं पडद्याआडून नवऱ्याला विचारलं, "अहो, कोणाला देऊ?" बापा! काकांनी मतदान थांबवलं. त्या नवऱ्याला कोट घालून पार्किंग लॉटमध्ये उभं केलं, आणि बायको मत देऊन बाहेर आल्यावरच त्याला आत घेतलं. तो कुरकुरला तर म्हणाले, "मतदान गुप्त असतं. सगळ्यात आधी नवऱ्यापासून." त्या संध्याकाळी आम्ही सगळे पोट धरधरून हसलो होतो.

मी आले तेव्हा काकूंचा उजवा हात नुकता थरथरायला लागला होता. पार्किन्सन्स. वर्ष-दोन वर्षांत चहाचा कप त्या अर्धाच भरायला लागल्या, आवाज बारीक झाला, आणि चालता चालता, विशेषतः दारातून जाताना, पाय जमिनीला चिकटल्यासारखे अडायला लागले. डोकं मात्र लख्ख होतं आणि जीभही. "हात हलतोय म्हणून टाटा करतेय असं समजू नकोस, बस अजून," असं मला म्हणायच्या.

आणि मग २००७ साल उजाडलं. तेव्हा देशभर मूळपेशींवरून, म्हणजे लोक ज्यांना स्टेम सेल म्हणतात त्यांच्यावरून, वाद पेटलेला होता. या पेशींपासून शरीरातला बिघडलेला भाग नव्यानं घडवता येईल अशी आशा होती. पण त्यातल्या काही पेशी गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या अवस्थेतून घ्याव्या लागत, म्हणून चर्चवाले खवळलेले. वॉशिंग्टननं हात आखडता घेतला होता, तेव्हा एकेक राज्य आपापला खिसा चाचपू लागलं. आमच्या न्यू जर्सीनं ठरवलं की राज्यानं कर्ज काढून या संशोधनाला पैसे द्यावेत का, हे मतदारांनाच विचारायचं. नोव्हेंबरच्या निवडणुकीत उमेदवारांबरोबर हाही प्रश्न मतपत्रिकेवर येणार होता.

काकांनी ती बातमी वाचली आणि पेपर घडी घालून ठेवला. पार्किन्सन्सचं नाव त्या बातमीत होतं. मी तिथेच होते. त्यांचे डोळे भरून आले होते. चष्मा पुसत ते म्हणाले, "कुंदा, हा ठराव पास झालाच पाहिजे."

काकू म्हणाल्या, "आधी भाजीवाल्याकडे जाऊन या. घरात कोथिंबीर नाही."

कोथिंबीर काही त्या दिवशी आली नाही. काका सरळ प्रचाराला लागले. आमच्या कॉम्प्लेक्समधली सगळी मराठी घरं, शेजारच्या एडिसन गावातल्या ग्रोसरी दुकानाबाहेरचा बाक, गणपतीच्या तयारीची मीटिंग, जिथे दोन माणसं दिसतील तिथे मूळपेशी. दारात उभे राहून विचारायचे, "आपला पाठिंबा गृहीत धरू का?" आणि आपली माणसं काय, दारात आलेल्या म्हाताऱ्याला नाही कशाला म्हणतील? शिवाय विषय असा, की त्यावर प्रत्येकाला मत होतंच. कोणी इंटरनेटवर वाचलेलं सांगे, कोणी मावसभावाच्या गुडघ्याचं सांगे. काका प्रत्येक घरातून खूश होऊन परतायचे.

विरोधी पक्ष एकच, लेले. पुण्याचा सॉफ्टवेअरवाला, माझ्याच ऑफिसात. त्याचं म्हणणं, "काका, सायन्सला माझा विरोध नाही. पण माझ्या टॅक्सच्या पैशानं का? कर्ज काढून का? प्रायव्हेट कंपन्या झोपल्यात का?" काका त्याला रोज फोन करत आणि तास तास वाद घालत. मला वाटतं दोघांनाही त्या फोनची चटक लागली होती.

गणपतीच्या कार्यक्रमाला राज्याच्या विधानसभेचा एक उमेदवार आला. खरं तर काकांनीच त्याला गाठून आणलं. शाल, श्रीफळ, मोदक, सगळं झालं. त्यानं काकूंचा थरथरता हात दोन्ही हातांत घेऊन फोटो काढून घेतला आणि मग भाषण केलं. भाषण फार सुंदर होतं. तो आशेच्या बाजूनं होता आणि कर्जाच्या विरोधात होता. विज्ञान त्याला प्रिय होतं, आणि विज्ञानाबद्दल ज्यांच्या मनात शंका होती ते मतदारही प्रिय होते. टाळ्या दोन्हीकडून पडल्या. त्यानं आम्हाला मतदार समजून आशा दाखवली, आम्ही त्याला आमदार समजून शाल घातली. जाताना तो नारळ खुर्चीवरच विसरून गेला.

मग ऑक्टोबरात काकांनी परिसंवाद ठेवला: 'मूळपेशी आणि आपण'. गणपूर्ती दुपटीनं झाली. लेले टॅक्सवर बोलला. एक आजोबा उठले आणि म्हणाले की हे सगळं आपल्याकडे आधीच झालेलं आहे, गांधारीनं घड्यांमध्ये काय केलं होतं मग? काकांनी घंटा वाजवली. "गांधारी न्यू जर्सीची रहिवासी नव्हती. मुद्दा नियमबाह्य." आजोबा रागावून बटाटेवड्यांच्या टेबलाकडे गेले आणि परत आलेच नाहीत.

शेवटी प्रज्ञा मेश्राम बोलली. ती माझ्याच गावची, युनिव्हर्सिटीत याच पेशींवर पीएचडी करत होती. प्रश्न पास झाला असता तर तिच्याच लॅबचं भलं व्हायचं. ती पोरगी सरळ म्हणाली, "पैसे मिळायला हवेत असं मला वाटतं. मी इथे मतदार असते तर हो म्हटलं असतं. पण उद्या औषध येईल असं कोणी सांगत असेल तर ते खोटं आहे."

पहिल्या रांगेतून काकूंनी विचारलं, "किती वर्षं, प्रज्ञा?" आवाज इतका बारीक की प्रज्ञाला खाली वाकावं लागलं.

"काकू, तुम्हाला फसवणार नाही. खूप वर्षं. कदाचित तुम्हाला उपयोग होणारही नाही."

काकांनी घंटा वाजवली. तिची वेळ संपली नव्हती, मी घड्याळ बघितलं होतं. काकांनीही बघितलं असावं. पण ते घंटा वाजवतच राहिले आणि प्रज्ञा खाली बसली. मला त्यांचा इतका राग आला होता, आणि त्यांचा चेहरा बघून तितकंच वाईट वाटलं.

त्याच आठवड्यातली गोष्ट. मी त्यांच्याकडे वाटी परत द्यायला गेले. बाहेरच्या खोलीत काका फोनवर, लेलेशी. "पार्किन्सन्सच्या रुग्णाचे हाल तुला काय माहीत? अरे, एकेक पाऊल टाकणं म्हणजे काय असतं, कल्पना आहे तुला?" आवाज चढलेला. मी स्वयंपाकघराकडे वळले तर काकू उंबरठ्यावर उभ्या. एका हातानं चौकट धरलेली, पाय अडलेले. ओट्यावर चहा उकळून उतू गेला होता.

"कधीपासून उभ्या आहात?"

"झाला थोडा वेळ. यांना हाक मारली ग, पण यांचं माझ्याच आजारावर चाललंय. मध्ये कसं बोलायचं?" आणि हसल्या. मी त्यांचा हात धरला. थेरपिस्टनं सांगितलं होतं की अडलं की शेजारी कोणीतरी ताल धरायचा, लेफ्ट-राइट, लेफ्ट-राइट, म्हणजे पाय सुटतो. मी ताल धरला, त्या ओट्यापाशी पोचल्या. काकांचा फोन चालूच होता. त्या दिवशी घरी जाऊन मी नवऱ्यावर उगाचच खेकसले.

निवडणुकीआधीच्या रविवारी काकांनी सगळ्या पाठिराख्यांना घरी बोलावलं. मतदानाच्या दिवशी कोणाची गाडी कोणाला न्यायला जाणार, हे ठरवायचं होतं. घर गच्च भरलं. काका पेन काढून म्हणाले, "तर, कोणाचं मतदान केंद्र कुठलं?"

बोलायला उठला तो लेले, तोही बिचारा अवघडलेला. "काका, इथे मत आहे कोणाला? माझं ग्रीन कार्डच अजून अडकलंय."

काकांनी शेजारच्याकडे बघितलं. एच-वन, म्हणजे नुसता नोकरीचा व्हिसा. त्याच्या शेजारचा, एच-वन. मी, एच-वन. खिडकीपाशी बसलेल्या जोडप्याचं ग्रीन कार्ड आलेलं, पण मताला अजून अवकाश. सगळ्यात कडवा पाठिंबा ज्यांनी दिला होता त्या कुलकर्णी आजी तर सुनेच्या बाळंतपणाला व्हिजिटर व्हिसावर आल्या होत्या. महिनेच्या महिने आम्ही अख्ख्या राज्याचं धोरण ठरवत होतो, पक्ष पाडत होतो, एकमेकांशी अबोला धरत होतो, आणि मताचा अधिकार त्या खोलीत फक्त काका-काकू दोघांना. काकांना सिटिझन होऊन जमाना झाला होता. मंडळात वर्गणी भरली की मत मिळतं, त्या सवयीनं त्यांनी सगळं विचारलं आणि मत आहे का, तेवढं एक विचारायचं राहिलं. आणि आम्हाला मेल्यांना ते आपण होऊन सांगावंसं वाटलं नाही. मत नाही म्हटलं की वाद घालायचा हक्क गेला असता ना!

"कोणीतरी बोलायचं होतंत," काका म्हणाले. मग बराच वेळ पेनाचं टोपण घालत बसले.

काकू म्हणाल्या, "चहा घ्यावा अशी सूचना आहे." पहिल्यांदाच त्यांनी मांडली. आम्ही सगळ्यांनी हात वर केले.

मतदानाच्या दिवशी मी ऑफिसातून लवकर निघाले, काकूंना धरायला कोणीतरी हवं म्हणून. शाळेच्या जिममध्ये केंद्र होतं. तिथल्या गोऱ्या आजीबाईंनी काकांना सांगितलं की तुम्ही यांच्याबरोबर आत जाऊ शकता, आजारी माणसाला मदत चालते. काका ताठ झाले. "नो मॅडम. सीक्रेट बॅलट." मग काकूंना हळूच म्हणाले, "प्रश्न अगदी वरच्या बाजूला आहे. हो तिथलं बटण. घाई करू नकोस."

काकू वॉकर ढकलत पडद्याआड गेल्या. पडदा थरथरत होता. मागे रांग लागली. काका गणपूर्ती व्हायच्या आधी जसे अस्वस्थ होत तसे चपलांची टोकं जुळवत उभे होते. शेवटी काकू बाहेर आल्या. आजीबाईंनी त्यांच्या कोटावर स्टिकर लावला.

गाडीत काकांनी आरसा नीट केला, पट्टा लावला, पुन्हा आरसा नीट केला. मग विचारलं, "दिसलं ना नीट बटण?"

"दिसलं."

"दाबलं गेलं ना?"

"दाबलं."

"म्हणजे..."

"अहो," काकू खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मतदान गुप्त असतं. सगळ्यात आधी नवऱ्यापासून."

मी मागच्या सीटवर हसू दाबत होते. काकांनी मुकाट्यानं गाडी सुरू केली.

ठराव पडला. राज्यानं नाही म्हटलं. सगळे पंडित टीव्हीवर सांगू लागले की लोक कर्जाला भ्याले, कोणी म्हणालं धर्माला भ्याले. उमेदवार निवडून आला आणि त्यानं जनतेच्या शहाणपणाला सलाम केला. काकांनी घरातल्या घरात खेदाचा ठराव मांडला, त्याला लेलेनं फोनवरून अनुमोदन दिलं. तो खरंच दिलगीर होता. मग त्या घरातले फोन बंद झाले, आणि मंडळाच्या पुढच्या सभेला काका आलेच नाहीत. घंटाही आली नाही. एक वक्ता इतका लांबला की आम्हाला काकांची फार आठवण झाली.

पुढच्या वर्षी मला दुसऱ्या राज्यात, मॉरिसव्हिलला नोकरी मिळाली. निघायच्या आदल्या दिवशी निरोप घ्यायला गेले. दाराबाहेरूनच आवाज ऐकू आला, "सूचक, अनुमोदक. सूचक, अनुमोदक." आत बघते तर काका काकूंचा हात धरून सोफ्यापासून स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत चालत होते. कार्पेटवर पायांच्या अंतरानं पट्ट्या चिकटवलेल्या. लेफ्ट-राइट म्हणे त्यांना पोलिसी वाटायचं. 'सूचक'ला काकूंचा उजवा पाय पडत होता, 'अनुमोदक'ला डावा, आणि उंबरठासुद्धा त्यांनी न अडता ओलांडला.

"ये," काका म्हणाले. "रोज भरते सभा. गणपूर्ती दोनची केली आहे, घटनादुरुस्ती करून."

काका माझ्यासाठी बेसनाचे लाडू बांधून द्यायला आत गेले. ते लाडू त्यांनी स्वतः वळले होते आणि तसे दिसतही होते. काकूंनी मला जवळ बोलावलं. "तुला म्हणून सांगते. मी नाहीचं बटण दाबलं होतं."

मी चटकन काका गेले त्या दिशेला बघितलं.

"प्रज्ञानं सांगितलं तेव्हाच ठरवलं. औषध येईल तेव्हा मी नसेन. आणि प्रश्न पास झाला असता ना, तर हे त्याच्या कमिटीवर गेले असते, मग दुसऱ्या कमिटीवर. मी आपली उंबरठ्यात उभी. इतर आजाऱ्यांचं मनात आलं ग. वाईट वाटलं, अजून वाटतं. पण मला माझा नवरा घरी हवा होता. जन्मात एकदा स्वार्थी होऊन बघितलं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांचा हात घट्ट धरला. तो माझ्या हातात हलत होता.

काका मला गाडीपर्यंत सोडायला आले. डबा सीटवर ठेवला, तो कलंडू नये म्हणून पट्टा लावला. मग खिडकीत वाकून म्हणाले, "सांगितलं ना तिनं तुला?"

मला खोटं बोलता येईना. मी डब्याचा पट्टा उगाचच पुन्हा ओढून बघितला.

"मला सांगू नकोस. मी विचारलं असतं तर तिनं मलाही सांगितलं असतं. म्हणून तर विचारलं नाही." ते सरळ उभे राहिले, स्वेटर खाली ओढला. भाषणाच्या आधी ते नेहमी असंच करायचे. "या संदर्भात मला एवढंच नमूद करायचं आहे की गेल्या वर्षभरात..."

आतून बारीक आवाज आला. "अहो! उंबरठा!"

या माणसानं आयुष्यात कधी सुरू केलेलं वाक्य अर्धवट सोडलं नव्हतं. पावसात नाही, रिकाम्या हॉलमध्ये नाही, उमेदवार घड्याळ बघत असताना नाही. ते वाक्य त्यांनी तिथेच माझ्या गाडीपाशी टाकलं आणि चपला फटफटवत घराकडे पळत सुटले. दार उघडंच होतं. मी गाडी सुरू केली तेव्हा आतून ऐकू येत होतं, "आलो, आलो. हं. सूचक..."